दारात कोण होतं?

आक्का गेली त्याला वर्ष व्हायला आलं होतं. वर्षश्राद्धाचं ठरवायला म्हणून तासगावच्या घरी सगळे जमले आणि तिथंच सईनं तो विषय काढला. सई म्हणजे धनाजीदादाची मुलगी. तिला पाचवा महिना लागला होता.

"माझ्या बाळाला आक्काबद्दल मी काय सांगणार?" ती म्हणाली. "मला तिची शेवटची दहा वर्षंच डोळ्यांसमोर येतात. अंथरुणावरची, न बोलणारी. त्याआधीची आक्का तुम्हा तिघांकडे आहे. माझ्याकडे नाही."

तिघं म्हणजे धनाजीदादा, उज्ज्वलाताई आणि सगळ्यांत धाकटी रेवती. आक्का म्हणजे या तिघांची आई, मालन शेडगे; तिनं त्यांना एकटीनं वाढवलं होतं. नवरा विजेचा धक्का लागून गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि रेवती पाळण्यात. दिरांनी सांगितलं, डंक विकून टाक, मिरची कुटायचं यंत्र बाईला झेपायचं नाही. आक्कानं नाकावर पदर बांधला आणि सुतकाचे दिवस उरकल्यावर स्वतःच मोटारीचं बटण दाबलं. पुढं अडतीस वर्षं गावातल्या निम्म्या घरांची चटणी तिच्या डंकावर कुटली गेली. डब्याचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून ती ब्याडगी मिरची किती आणि संकेश्वरी किती ते सांगायची. भांडलेल्या जावांना मुद्दाम एकाच दिवशी बोलवायची आणि शेजारी शेजारी बसवायची. "शिंकताना कुणाला राग धरून बसता येत न्हाई," असं तिचं म्हणणं होतं. आणि खरंच, बऱ्याच जणी हसत घरी जायच्या.

रेवतीच्या बाबतीत मात्र तिचा राग अकरा वर्षं टिकला. रेवतीनं मिलिंद कांबळेशी लग्न केलं, तो जातीतला नव्हता. आक्का ओरडली नाही, रडली नाही. तिनं फक्त दार लावून घेतलं. मिलिंद बार्शीच्या कॉलेजात गणित शिकवायचा. रेवतीला तिथंच माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. अकरा वर्षांत आक्काचा एक फोन नाही.

आणि मग २०३५ च्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, आक्का रेवतीच्या दारात उभी राहिली.

ही आठवण रेवतीनं जपून ठेवली होती. आक्काची ती ओळखीची जरीकाठी हिरवी साडी, खांद्याला पिशवी, हातात चटणीचा डबा. साडीला मिरचीचा तो वास. "एवढ्या उन्हात उभी ठेवतीस व्हय गं?" हे शब्द. मग स्वयंपाकघरात फरशीवर बसून खाल्लेली भाकरी, आणि निघताना गालावरून फिरलेला खरखरीत हात. मिलिंद तेव्हा कॉलेजात परीक्षेच्या कामावर होता. संध्याकाळच्या गाडीनं आक्का परत गेली. जूनमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. रेवती धावत तासगावला आली, आणि त्यानंतर दहा वर्षं दर महिन्याला येत राहिली. पण त्या दुपारबद्दल आक्काला विचारण्याची वेळ निघून गेली होती.

"पुण्यात केंद्र निघालंय," सई सांगत होती. "घरातल्या माणसांच्या आठवणी एकत्र करून देतात. आपण सगळे मिळून एक आक्का करू."

दादा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. "एक आक्का म्हंजे? हुती की एकच."

तरी सईसाठी तिघंही तयार झाले.

*

पाषाणच्या टेकडीखाली ते केंद्र होतं. डॉ. नाझनीन मुजावर मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे दोन वाक्यांतच त्या घरातल्या वाटू लागल्या. त्यांनी तिघांना समोर बसवून सगळं समजावलं.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे," त्या म्हणाल्या. "एखादा प्रसंग घडतो तेव्हा मेंदूतल्या काही लाख पेशी एका विशिष्ट क्रमानं एकमेकींशी जोडल्या जातात. पुढं आपण तो प्रसंग आठवतो तेव्हा तोच क्रम पुन्हा जुळवला जातो. या जुळणीच्या वेळी ती जोडणी सैल पडते. वाळलेल्या मातीवर पाणी शिंपडलं की ती पुन्हा ओली होते ना, तसं. पाच-सहा तास ती ओली राहते आणि मग परत घट्ट होते. हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकाच्या शेवटीच उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं होतं. नवीन आहे ते एवढंच, की आता आम्ही तो क्रम बाहेरून वाचू शकतो आणि दुसऱ्याच्या मेंदूत जागा करू शकतो."

त्यांनी एक हलकी टोपी दाखवली. आतून मधाच्या पोळ्यासारखी दिसत होती. एकेका घरात एकेक संवेदक. माणूस आठवत असताना पेशींभोवती जे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते संवेदक टिपतात. देताना त्याच टोपीतून ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे बारीक झोत जातात आणि नेमक्या पेशींना जागं करतात.

"पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा," रेवतीनं विचारलं. "ताईच्या डोक्यातला क्रम माझ्या डोक्यात कसा बसेल?"

"म्हणून तर हे घरातल्या घरातच चालतं. तुम्ही तिघांनी तेच घर पाहिलंय, तोच आवाज ऐकलाय, तोच वास घेतलाय. त्या सामाईक खुणांच्या आधारानं आम्ही एकाचं दुसऱ्याच्या भाषेत आणतो. मला तुमच्या आक्काची आठवण दिली तर नुसता गोंगाट ऐकू येईल."

"आणि आमची स्वतःची आठवण? ती शाबूत राहते ना?"

डॉक्टरांनी टोपी खाली ठेवली. "राहते. मात्र नवीन आठवण येते तेव्हा तिच्या आजूबाजूची माती ओली होतेच. थोडी मिसळण होते. ते तुमच्या संमतिपत्रात लिहिलेलं आहे."

रेवतीनं संमतिपत्र वाचलं होतं. सही करताना तिला ते काही मोठं वाटलं नव्हतं.

*

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. तिघांनी आपापल्या आठवणी दिल्या आणि आठवड्याभरानं एकमेकांच्या घेतल्या. रेवतीनं सर्वांत आधी दिली ती बार्शीची दुपार. ती देताना तिचा ऊर भरून आला होता. घ्या, बघा सगळ्यांनी, आक्का माझ्या दारी आली होती.

घेताना तर तिला खजिनाच हाती लागला. तिला वडील आठवत नव्हते. दादाच्या आठवणीत ते होते, डंकाच्या दारात बसून पट्ट्याला मेण लावताना, आणि आक्का त्यांना चिडवत होती. आक्काला चिडवताही येत होतं! ताईच्या आठवणीत आक्का विहिरीच्या काठावर नऊवारी खोचून उभी होती आणि पाण्यात ढकललेल्या पोरीला ओरडून सांगत होती, "हात मार, हात! विहीर काय गिळत न्हाई तुला."

तीन दिवसांनी घरी चहा पिताना रेवती मिलिंदला सांगू लागली, "आक्कानं मला विहिरीत पोहायला शिकवलं ना, तेव्हा पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं आणि..."

मिलिंदनं कप खाली ठेवला. "तुला पोहता येत नाही, रेवा."

रेवतीला पोहता येत नव्हतं. पण नाकातलं ते विहिरीचं पाणी, त्याचा शेवाळी वास तिला आत्ताही जाणवत होता. दोघंही हसले, पण मिलिंद जरा कमी हसला.

मग अशा गोष्टी वाढत गेल्या. डंकाचा पट्टा तुटला तर कसा जोडायचा हे तिच्या हातांना माहीत झालं. दहावीच्या निकालाला आक्कानं तिच्या पाठीवर थाप मारली होती की दादाच्या, हे तिला सांगता येईना. लहानपणीचा एक मार आठवला आणि तो आपण खाल्ला की नुसता पाहिला, ते कळेना. प्रयोगशाळेत ती मातीच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायची आणि मध्येच थांबायची. आपल्याच आयुष्याच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या कुणी अदलाबदल केल्यासारखं तिला वाटायचं.

तरी हे सगळं तिला चालण्यासारखं होतं. जे मिळालं होतं ते गमावलेल्यापेक्षा जास्त होतं.

चौथ्या बैठकीला ती टोपी घालून खुर्चीत बसली. ताईच्या नव्या आठवणी यायच्या होत्या. डोळे मिटले. ऊन दिसलं. एक ओळखीचा जिना. एक निळं दार. हातात चटणीचा डबा, तळहाताला गरम लागणारा. हातानं कडी वाजवली.

दार उघडलं आणि समोर रेवती उभी होती.

ती स्वतःलाच पाहत होती. अकरा वर्षांनी तरुण, विस्कटलेले केस, पिठानं भरलेले हात. त्या रेवतीच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं आणि मग रडू फुटून सगळा चेहरा बदलून गेला. आणि ताईच्या तोंडून, आतून, स्वतःच्या घशातून आल्यासारखे शब्द आले, "एवढ्या उन्हात उभी ठेवतीस व्हय गं?"

रेवतीनं टोपी ओढून काढली.

*

"दारात मी हुते," ताई फोनवर म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "मीच आले हुते."

"तू दिवाळीत आली होतीस. त्याच्या आधीच्या वर्षी. एप्रिलमध्ये आक्का आली होती."

"तवाबी मीच हुते, रेवा."

"मग तू हे मला अकरा वर्षांत कधी बोलली नाहीस ते?"

मागे कुकरची शिट्टी झाली आणि ताईनं फोन ठेवला.

रेवतीनं दादाला विचारलं. तिची आठवण त्यालाही मिळाली होती, तरी दादा ठाम होता. "त्या उन्हाळ्यात आक्का बार्शीला? न्हाई बा. सीझन चालू हुता. एकदा मिरजेला डोळं दाखवाय गेली तेवढीच, न्हाईतर गावाबाहेर पाय टाकला न्हाई तिनं."

तिनं मिलिंदला विचारलं. तो गणिताचा माणूस, खात्री नसताना बोलायचा नाही. "घरी चटणी आलेली मला आठवते. आक्का येऊन गेल्या हेही तू मला सांगितलंस. पण ते त्याच संध्याकाळी सांगितलंस की नंतर कधीतरी, हे मला नाही सांगता येत."

"नंतर कशी सांगीन मी? एवढी मोठी गोष्ट?"

"मला नाही माहीत, रेवा. खरंच नाही."

त्यानंतर दार तिच्या डोक्यात उघडत राहिलं. भाजी चिरताना, रिक्षात, जेवताना. कधी दारात आक्का असायची, कधी ताई. कधी शरीर आक्काचं आणि आवाज ताईचा. एकदा तर दारात ती स्वतःच होती आणि आत आक्का बसली होती, आणि दार उघडायला कुणी उठत नव्हतं. आक्कानं आपल्याला माफ केलं होतं, या एका गोष्टीवर तिनं अकरा वर्षं काढली होती. आक्काच्या अंगाला तेल लावताना, तिचे केस विंचरताना, चमच्यानं पेज भरवताना तिला कधीच कमीपणा वाटला नव्हता, कारण आक्का आधी आली होती. मग मी गेले होते. आता तो क्रमच उलटा होत होता. आक्का आलीच नव्हती तर ती दहा वर्षं कशाची होती?

*

ताईची पुढची बैठक होती त्याच दिवशी रेवती पुण्याला गेली. ताई खाली उपाहारगृहात बसली होती. रेवती तिच्याकडे न जाता सरळ डॉक्टरांकडे गेली.

डॉ. मुजावरांनी दोघींच्या नोंदी पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. त्यासाठी रेवतीला पुन्हा टोपी घालून ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवावी लागली. अर्धा तास गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तीन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "एक, ताई आल्या होत्या आणि पुढच्या काही वर्षांत तुमच्या मनानं त्यांच्या जागी आईला बसवलं. दुसरी, आई आल्या होत्या. तुमची ती आठवण ताईंना महिन्याच्या तीन तारखेला दिली गेली. ताईंनी त्यांची नोंदवली ती तेरा तारखेला. म्हणजे त्यांनी तुमचीच आठवण स्वतःची म्हणून परत दिली असू शकेल. आणि तिसरी, दोघी दोन वेगळ्या दिवशी आल्या आणि दोन्ही दिवस एकमेकांत मिसळले."

"यातली खरी कुठली?"

"ते यंत्राला कळत नाही. दोन्ही आठवणी तेवढ्याच जोरदार आहेत. आठवण किती घट्ट आहे ते मी मोजू शकते. ती खरी आहे का, हे कशावरून ठरवू?"

"मग सईला काय देणार तुम्ही?"

"जिथं पटत नाही तिथं घरचे सांगतील ते देतो. नाहीतर तो प्रसंग वगळतो." डॉक्टर थोड्या पुढं झुकल्या. "सईचं नंतर बघू. आधी तुमचं. तुम्ही आत्ता ती दुपार आठवलीत. म्हणजे ती आत्ता ओली आहे. संध्याकाळी सहापर्यंत राहील. तुमची पहिल्या दिवशीची नोंद माझ्याकडे जशीच्या तशी आहे. ती परत दिली, तर दारात आक्काच उभ्या असतील. पूर्वीसारख्या. ताईंचं जे मिसळलंय ते पुसट होऊन जाईल. एरवी हे मी कुणाला सुचवत नाही. तुम्हाला फार त्रास होतोय म्हणून विचारते."

"आणि मी काहीच केलं नाही तर?"

"तर पुढच्या काही तासांत तुम्ही त्याबद्दल जे ऐकाल, जे मनात आणाल, ते त्यात बसून जाईल. मग मात्र मला मागं नेता येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. रेवतीनं टोपीकडे पाहिलं. किती सोपं होतं. वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, की आक्का परत दारात. हिरवी साडी, गालावरचा हात. ताईवर आता आलेला रागही कदाचित निघून गेला असता, कारण रागाचं कारणच पुसलं गेलं असतं. ती खुर्चीत बसलीही. डॉक्टरांनी टोपी उचलली.

"थांबा," रेवती म्हणाली. का म्हणाली ते तिला तेव्हा कळलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की आक्का दारात उभी राहील, पण आपण तिला मागवून आणलेलं असेल.

*

ताईपुढं चहाचा कप तसाच होता, वर साय धरलेली. रेवती समोर बसली.

"त्या दिवसाचं सांग. सगळं. काही गाळू नको."

ताईनं वर पाहिलं. "डागतरीणबाईंनी आत्ताच फोनवर मला सांगितलंय सगळं. आत्ता सांगितलं तर तेच बसंल तुझ्यात. परत निघायचं न्हाई."

"माहीत आहे मला."

"तू वर जा, रेवा. तुझी आक्का तुला परत घे. मला काय, मी खोटी पडले तरी चालंल."

"सांग, ताई."

ताईनं कपाच्या कानाशी चाळा केला. मग ती बोलायला लागली.

"आक्कानं त्या दिवशी पहाटे स्वतः चटणी कुटली. मला म्हणली, चल. कुठं ते सांगितलं न्हाई. दादाला सांगितलं, मिरजेला डोळं दाखवायला चाललोय. स्टँडवर गेल्यावर तिनं तिकिटं मागितली तवा मला कळलं, बार्शी. सारा रस्ता बोलली न्हाई. मांडीवर डबा, आणि पिशवी घट्ट धरलेली. वाटंत एक पोरगं माझ्या अंगावर ओकलं. साडी सगळी घाण झाली. बार्शीत उतरल्यावर आक्का म्हणली, ही नेस, आणि पिशवीतनं तिची हिरवी साडी काढून दिली."

"तिनं जादाची साडी आणली होती?"

"व्हय. साडी, चोळी, कंगवा, तिची रक्तदाबाची गोळी. राहायच्या तयारीनं आली हुती ती."

रेवतीनं टेबलाची कड धरली.

"मी स्टँडच्या मोरीत साडी बदलून आले तर ती बाकड्यावर बसलेली. म्हणलं, ऊठ की. तर म्हणली, तू जाऊन ये. मी म्हणलं, एवढं लांब येऊन? तर म्हणली, माझं पाय उचलत न्हाईत गं. अकरा वरसं मी दार लावून बसले, आता तिनं लावलं तर? मी लई मनधरणी केली. शेवटी डबा दिला माझ्या हातात. म्हणली, बघून ये, अंगानं बरी हाय का. आणि मी आल्याचं सांगशील तर माझी शपथ."

"आणि तू आलीस."

"मी आले. तू दार उघडलंस. तुझा चेहरा बघून मला काय बोलावं सुचंना, म्हणून मी आक्कावानी बोलले. तू हसशील म्हणून. तू हसली न्हाईस. माझ्या गळ्यात पडलीस आणि त्या साडीचा वास घेत ऱ्हायलीस. तीन तासांनी परत गेले तर आक्का तिथंच. मला म्हणली, सांग. मी तुझ्या घरातलं एकूणएक सांगितलं. भिंतीचा रंग, डबं, मिलिंदरावांची पुस्तकं. सारं ऐकलं तिनं. परतीच्या गाडीत झोपली."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. ताईनं डोळे पुसले.

"मग जूनमध्ये झटका. तू आलीस, येत ऱ्हायलीस, आणि दोन-तीन वरसांनी एकदा तिच्या उशाला बसून म्हणलीस, आक्का, तू माझ्या घरी आलीस ना, मला लई बरं वाटलं. मी दारातच उभी हुते. आक्काच्या डोळ्यांतनं पाणी आलं. तिनं तुझा हात दाबला. मी काय बोलू सांग? जे घ्यायला ती भ्याली हुती, ते तू तिला देऊन टाकलंस. मी शपथ मोडून ते परत काढून घेऊ?"

रेवतीच्या डोक्यातलं दार उघडं होतं आणि दारात आता ताई होती, आक्काच्या साडीत. दूर कुठंतरी एक बाकडं होतं. ते तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी ते हळूहळू दिसायला लागलं होतं.

"आणखी एक सांगायचंय," ताई खालच्या आवाजात म्हणाली. "तुझी आठवण मला दिली ना त्यांनी. तवापासनं मलाबी काय कळंना झालंय. कधी कधी मला वाटतं, आक्काच आत गेली हुती आणि बाकड्यावर मी बसले हुते. मी तिची वाट बघत हुते. ते बाकडंबी मला दिसतंय आणि तुझ्या घरातली फरशीबी दिसतीय. आत्ता जे सांगितलं ते खरं म्हणूनच सांगितलं. पण शपथ घे म्हणलीस तर आता माझ्यानं घेववणार न्हाई."

कुणाचं कुणाकडे गेलं आणि कुणाचं कुणाकडे राहिलं, हे आता दोघींनाही निवडून काढता येणार नव्हतं. रेवतीला वाटलं होतं तिचा राग वाढेल. तिनं ताईचा सायीचा कप बाजूला सारला, दोन नवे चहा सांगितले आणि म्हणाली, "बाकड्यावर ऊन येत होतं का गं?"

"सावली हुती. पंखाबी हुता वर. लई कुरकुर करायचा."

"आणि तिनं काही खाल्लं होतं?"

"तिथलं काय खाल्लं न्हाई. मी तुझ्याकडनं भाकरी आणली हुती. पदरात बांधून. ती खाल्ली."

सहा वाजेपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या. रेवती विचारत गेली, ताई सांगत गेली. काही गोष्टी दोनदा सांगितल्या, दुसऱ्यांदा जरा वेगळ्या. वरून डॉक्टर एकदा येऊन लांबून पाहून गेल्या आणि परत फिरल्या.

*

सईला तिची आक्का मिळाली. विहिरीवरची, डंकावरची, नवऱ्याला चिडवणारी. बार्शीची दुपार रेवतीनं वगळायला सांगितली आणि ताईनं त्यावर सही केली. यानंतर दोघींनीही टोपी घातली नाही.

सईला मुलगी झाली. बारशाला तासगावच्या घरी बायका मावत नव्हत्या. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. पोरीला मांडीवर घेऊन सई रेवतीजवळ येऊन बसली.

"आत्या, एक विचारू? माझ्यात आक्का सगळीकडे आहे, पण तुझ्या घरात कुठंच नाही. बाबा म्हणतात, ती तुझ्याकडे कधीच आली नव्हती. तिनं तुला शेवटपर्यंत माफ केलं नव्हतं. खरं आहे ते?"

पलीकडे ताई ताटं उचलत होती. तिचे हात थांबले.

रेवतीनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर दारात कोण दिसलं असतं, याची तिला आजही खात्री नव्हती. तिनं बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती धरू दिली.

"आली होती," ती म्हणाली. "बार्शीपर्यंत आली होती. राहायच्या तयारीनं."